नाटकात गाणं खुन्यालाच का मिळतं?

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा नाटकाचा छोटा ग्रुप आहे, कॉलेज संपलेली आठ-नऊ जणं. गेले सहा महिने एक दीड तासाचं गाण्यांचं नाटक बसवायलोत. गोष्ट अशी की एका शेतकऱ्यानं कर्जापायी जीव दिला आणि वर्षभरानं त्याचा धाकटा भाऊ सावकाराचा कोयत्यानं खून करतो. चाली मी लावल्यात. धाकट्याला तीन गाणी आहेत, भावाच्या चितेपाशी एक, कोयत्याला धार लावताना एक आणि शेवटी जेलमधून आईला उद्देशून भैरवी. सावकाराला गाणं नाही, चार-पाच संवाद तेवढे.

पहिला प्रयोग तालुक्याच्या गावात झाला आणि भैरवीला अख्खा हॉल रडला. पाठीमागच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं उपरण्यानं डोळे पुसत होती, आम्ही विंगेत एकमेकांचे हात दाबून उभे होतो, मला तर वाटलं की जन्माचं सार्थक झालं.

प्रयोगाला माझी मावशी आली होती औसा तालुक्यातून. मी चौथीत असताना तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या काकांचा, बांधाच्या भांडणात खून झाला. मारणारा सजा भोगून परत आला, त्याच गावात राहतो, मावशीला रस्त्यात दिसतो. हे मला माहीत होतं, तरी नाटक बसवताना सहा महिन्यांत एकदाही तिची आठवण आली नाही, आणि याचंच मला सगळ्यात जास्त लागलंय. परतताना एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली आणि मग म्हणाली, "पोरगं लई चांगलं गातंय गं. त्या मेलेल्याच्या घरी कोण कोण होतं ते मात्र काही कळलं नाही."

एवढंच म्हणाली. रागानं नाही.

तेव्हापासून मी खुनी नायक असलेली गाण्यांची नाटकं शोधून शोधून ऐकायलेय. पहिलं लागलं ते सोंडहाईम या अमेरिकन संगीतकाराचं 'स्वीनी टॉड', १९७९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेलं. लंडनचा एक न्हावी, बायको देखणी म्हणून एक न्यायाधीश त्याला खोट्या गुन्ह्यात अडकवून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवतो, पंधरा वर्षांनी तो परत येतो तर बायको गेलेली आणि पोरगी त्याच न्यायाधीशाच्या ताब्यात. इथपर्यंत ऐकलं की कुणीही त्याच्याच बाजूनं होणार. पण दुसऱ्या अंकात एक जागा आहे ती ऐकताना मी हेडफोन काढून ठेवले. तो पोरीच्या आठवणीचं गाणं गातोय, इतकी मऊ चाल की अंगाईच वाटावी, आणि गात गात एकेका गिऱ्हाइकाचा गळा चिरतोय, खुर्चीचा खटका दाबला की मेलेला माणूस खाली तळघरात. ती गिऱ्हाइकं कोण, कुठली, काही नाही. न्यायाधीशाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. दाढी करायला आली होती बिचारी. फक्त एकजण वाचतो, कारण त्याच्याबरोबर बायको आणि लेकरू आलेलं असतं.

ह्या शेवटच्या गोष्टीवर मी दोन दिवस विचार करत होते. ज्याच्या घरचं माणूस डोळ्यासमोर उभं आहे तो वाचला. बाकीच्यांच्याही घरी कुणीतरी असणारच ना, फक्त ते दुकानात सोबत आलं नव्हतं. मावशी हेच तर विचारत होती.

माझं म्हणणं असं आहे. गद्य नाटकात खुनी आपली बाजू मांडतो तेव्हा तो वाद घालत असतो, आपण मनातल्या मनात त्याला उत्तर देऊ शकतो. गाण्याला काय उत्तर देणार? चाल अंगात शिरते, आपण त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतो, घरी जाताना तेच गुणगुणत जातो. म्हणून गाणं कुणाला दिलं हा साधा प्रश्न नाही, आणि मी तो विचारच केला नव्हता.

तुम्हाला काय वाटतं? अजून कोणती नाटकं आहेत अशी, आपल्याकडची पण सांगा. आणि आमच्या नाटकाचं काय करू तेही सांगा, पुढचा प्रयोग दीड महिन्यावर आहे.

देवगिरीने_निघालो (जालना)

ताई, मस्त धागा. मी मार्च २०२५ ला मुंबईला 'फँटम ऑफ द ऑपेरा' बघायला गेलो होतो, रात्रीची देवगिरी पकडून गेलो आणि दुसऱ्या रात्री तिनंच परत. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं नाटक बघितलं, झुंबर खाली येतं तेव्हा माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला होता.

फँटम म्हणजे ऑपेराच्या थिएटरात लपून राहणारा मुखवटेवाला, तो दोन माणसं मारतो त्यात. एक स्टेजच्या वरचे दोर-पडदे सांभाळणारा कामगार, त्याला फास लावून चालू प्रयोगात वरून खाली लटकवतो, आणि दुसरा एक गायक. तुमचा धागा वाचला आणि आठवायला लागलो की त्या कामगाराचं नाव काय, तर आठवेचना. फँटमचा मुखवटा आठवतो, तो जिच्यावर जीव टाकतो त्या क्रिस्टीनचा पांढरा झगा आठवतो, शेवटी तो एकटा राहतो तेव्हा मी रडलो होतो ते आठवतं. शेवटी शोधावं लागलं, बुके नाव आहे. घाईघाईत लावलेल्या नाचाच्या मधेच तो वरून लटकतो, आणि प्रेक्षकांना नुसता अपघात आहे म्हणून सांगतात. दुसऱ्याचं प्रेत सापडतं तेव्हा त्याच्या सोबतची गायिका थोडा वेळ रडते, तेवढंच.

मी स्वतः मंडप डेकोरेशनच्या धंद्यात आहे, शिडीवर चढून दोर बांधणारी माणसं माझी रोजची, आणि तरी मी त्या मेलेल्या माणसाला विसरून मारणाऱ्यासाठी रडलो. आता विचित्र वाटायलंय.

पेटीमास्तर (सेलू, परभणी)

बेटा, आधी तुझं अभिनंदन, भैरवीला हॉल रडवणं सोपं नसतं. मी चाळीस वर्षं पेटी वाजवली, भजनात, कीर्तनात, हौशी संगीत नाटकांत, म्हणून दोन शब्द.

तुझा प्रश्न आपल्या संगीत रंगभूमीला शंभर वर्षांपूर्वीच पडलाय आणि तिनं त्याचं उत्तर उलट्या बाजूनं दिलंय. 'एकच प्याला' घे. गडकरी गेले जानेवारी १९१९ ला आणि महिन्याभरात गंधर्व मंडळींनी बडोद्याला नाटक उभं केलं. सुधाकर कोण आहे? दारूच्या नशेत त्याच्या हातून स्वतःचं तान्हं मूल जातं, बायको त्याच माराने जाते. खुनीच की. पण तो वाईट वाटतो का? नाही, आपण त्याच्यासाठीही हळहळतो. आता पदं बघ कुणाकडे आहेत. सिंधूकडे. गुर्जरांनी लिहिलेली जी पदं लोकांच्या तोंडी बसली ती बहुतेक सिंधूची, आणि ती गायला बालगंधर्व. सुधाकर करायचे गणपतराव बोडस, ते बोलून नाटक पेलायचे. म्हणजे मारणाऱ्याला वाणी दिली आणि मार खाणारीला सूर दिला. त्यामुळे झालं काय की सुधाकरबद्दल जी कणव वाटते ती सिंधूच्या गळ्यातून आपल्यापर्यंत येते, ती त्याला माफ करते म्हणून आपण करतो.

तरी यात एक खोट आहे हे पण सांगतो. माझी थोरली बहीण दारुड्याच्या घरात नांदली. तिला हे नाटक कधी आवडलं नाही. ती म्हणायची सिंधू फौजदारासमोर खोटं बोलून नवऱ्याला वाचवते ते बघून बायका रडतात आणि घरी जाऊन तसंच वागतात. तेव्हा सूर नुसता मेलेल्याला दिला की काम झालं असं पण नाही, त्या सुरात काय बोललंय तेही बघावं लागतं.

दुसरं, 'कट्यार काळजात घुसली', १९६७ चं. त्या कट्यारीला एक खून माफ असतो. खाँसाहेबांच्या हातात पूर्ण नाटकभर तो माफ असलेला खून आहे आणि गळ्यात सगळ्यात अवघड गाणं आहे. आपण सारखे घाबरतो की आता मारतील, आता मारतील, आणि ते गाणं ऐकून म्हणतो की असला माणूस मारेल कसा. खाँसाहेब करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांचं गाणं ऐकलेल्या माणसाला विचार. खून होत नाही शेवटी, पण त्या शक्यतेवर अख्खं नाटक उभं आहे.

बिनधास्त_बीडकर

मग नथुरामवरच्या नाटकाचं काय, त्याच्यावर एवढा गदारोळ झाला होता की. त्याबद्दल पण बोला.

मांजराकाठची (लातूर)

दादा, ते गद्य आहे, त्यात गाणी नाहीत, आणि त्याच्यावर इथं आधीच तीन धागे होऊन भांडणं झालीत. कृपया गाण्यांच्या नाटकांवरच राहू या.

मास्तर, बहिणीबद्दल सांगितलंत त्यासाठी मनापासून आभार. हे मला सुचलंच नसतं.

संबळ (परभणी)

आमच्या घरात देवीच्या गोंधळाचं काम तीन पिढ्या. ताईंनी विचारलं आपल्याकडं काय आहे, तर मी सांगतो, आपल्याकडं मारणाऱ्याचं गाणं लहानपणीच कानात पडतं, फक्त आपण त्याला खून म्हणत नाही.

चिलया बाळाचं आख्यान आठवा. शंकर गोसाव्याच्या रूपात येतो आणि श्रियाळ राजाला म्हणतो तुझ्या एकुलत्या एका लेकराचं मांस वाढ. शिवलीलामृतात चौदाव्या अध्यायात आहे. चांगुणा लेकराला मारते, रांधते, तर अतिथी म्हणतो डोकं वेगळं काढलंस ना, ते उखळात कांड, आणि कांडताना डोळ्यातून टिपूस येऊ देऊ नको, गाणं म्हण. आणि ती म्हणते. मी हे पंधरा-सोळा वर्षांचा असताना वडिलांच्या मागं संबळ धरून पहिल्यांदा वाजवलं. कांडणाच्या जागेला वडील संबळाचा ठेका उखळाच्या घावासारखा करायचे, एक घाव एक ओळ, एक घाव एक ओळ. बाया पदर तोंडात धरून बसायच्या. एकीनं पण कधी चांगुणेला खुनी म्हटलं नाही. पण आता लक्षात घ्या, ते आख्यान तिथं संपत नाही. अतिथी म्हणतो निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, लेकराला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया पळत येतो. मेलेल्याला हाक मारल्याबिगर आणि तो आल्याबिगर आमचे वडील कधीच संबळ खाली ठेवत नव्हते, कितीही उशीर होवो, यजमान झोपलेले असोत. अर्धवट सोडणं पाप समजायचे.

वाल्या कोळ्याचं उलटं आहे. माणूस मारला की रांजणात एक खडा, सात रांजण भरले. कीर्तनात ऐकताना आपण वाल्याचा वाल्मीकी कसा झाला त्यात रमतो, त्याच्या बायकोनं पापाचा वाटा घेतला नाही म्हणून त्याची दया येते. पण सात रांजण खडे म्हणजे सात रांजण माणसं की हो. खड्याला नाव नसतं. ताईंच्या मावशीचं बोलणं वाचलं आणि मला ते रांजण डोळ्यासमोर आले.

अजून एक. आपल्या भाषेत वध वेगळा आणि खून वेगळा. कीचकाचा वध, अफझलखानाचा वध, अज्ञानदासाचा पोवाडा तर वधाचाच. शाहीर वध म्हणाला की ऐकणाऱ्यानं बाजू घेतलेली असते, पुढं डफ वाजायचा तेवढा बाकी. तुमच्या नाटकात धाकटा काय शब्द वापरतो ते तपासा.

नाट्यशास्त्र_दुसरं_वर्ष (संभाजीनगर)

मी विद्यापीठात शिकतोय, आमच्याकडे ह्यावर कँटीनमध्ये रोज भांडणं होतात त्यामुळे राहवलं नाही.

ताई, स्वीनी टॉडबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलं. सोंडहाईमनं मेलेल्यांना सूर दिला नाही असं नाहीये, त्यानं तो लपवून ठेवलाय. नाटकभर एक वेडी भिकारीण फिरत असते, पैसे मागते, मध्येच अचकट विचकट गाते, सगळे तिला हाकलतात. पहिल्या अंकात न्यायाधीशाच्या वाड्यावर मेजवानीत न्हाव्याच्या बायकोवर अत्याचार होतो तो प्रसंग दाखवतात आणि मागं नाचाची एक सुंदर चाल वाजते. तीच चाल ह्या भिकारणीच्या अचकट गाण्यात आहे. म्हणजे ती कोण आहे हे संगीतानं आधीच सांगितलेलं असतं, आपल्याला ऐकू येत नाही, आणि स्वीनीलाही येत नाही. सूड घ्यायच्या घाईत तो तिचाही गळा चिरतो आणि मग उजेडात तोंड बघतो तर ती त्याची बायको, जिच्यासाठी हे सगळं केलं ती. मला हे कळलं तेव्हा मी परत पहिल्यापासून ऐकलं आणि दर वेळी ती आली की पोटात गोळा यायचा. खुन्याबद्दल कणव ठेवून त्याच्या कृत्याला माफी न देणं म्हणजे काय ते मला तिथं समजलं.

त्याच सोंडहाईमचं दुसरं नाटक 'असॅसिन्स', अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना मारणाऱ्या किंवा मारायला निघालेल्या नऊ जणांचं. लिंकनला मारणारा बूथ, केनेडीचा ऑस्वाल्ड, सगळे एका जत्रेतल्या बंदुकीच्या स्टॉलवर जमतात. गारफील्डला मारणारा गिटो फाशीच्या पायऱ्या नाचत नाचत चढतो आणि जे गातो त्याची सुरुवात त्यानं खरोखर १८८२ ला फाशीच्या वेळी म्हटलेल्या स्वतःच्या कवितेची आहे. मॅकिन्लीला मारणारा चोल्गोश कामगार आहे, तो एक बंदूक तयार व्हायला खाणीत, भट्टीत किती माणसं खपतात ते गातो आणि मी खरं सांगतो, ते ऐकून मला तो आपला माणूस वाटला, माझे आजोबा मिलमध्ये होते. हे नाटक १९९० च्या शेवटी न्यूयॉर्कला छोट्या थिएटरात सुरू झालं. १९९२ ला लंडनला केलं तेव्हा त्यात एक नवीन गाणं घातलं, साध्या लोकांचं. राष्ट्राध्यक्ष गेल्याची बातमी आली तेव्हा कुणी काय करत होतं, कुणी शेतात, कुणी कामावर, आणि आत काहीतरी मोडलं. म्हणजे लिहिणाऱ्यांनाच वाटलं की मारणाऱ्यांचीच गाणी झाली, बाकीचे राहिले. ताई, तुम्ही आज जिथं आहात तिथं ते तेव्हा होते. मग २००१ ला ब्रॉडवेवर येणार होतं, ११ सप्टेंबर झालं आणि पुढं ढकललं, आलं २००४ ला.

आणि आपलं 'घाशीराम कोतवाल' कसं विसरलात सगळे? १६ डिसेंबर १९७२, पुणे. तेंडुलकर, जब्बार पटेल, भास्कर चंदावरकरांचं संगीत. अभंग, लावणी, कीर्तन सगळं एकाच पोटात. घाशीराम कोतवाली मिळवायला पोटची पोर नाना फडणवीसाला देतो, नंतर गावावर सूड उगवतो, कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मरतात. चोरीचा आळ घेऊन त्याला मारलेलं असतं तेव्हा तो आपला असतो, कोतवाल झाला की परका होतो, आणि शेवटी जमाव त्याला दगडांनी ठेचतो तेव्हा परत काहीतरी हलतं आत. पण गातं कोण? घाशीराम नाही. ती माणसांची भिंत गाते, तीच भिंत देव होते, तीच पुणं होते, तीच मारणारा जमाव होते. एकट्याच्या गळ्यात गाणं न देता सगळ्यांच्या गळ्यात दिलं म्हणून प्रेक्षकाला एकाच्या बाजूला जाऊन बसताच येत नाही. तुमच्या नाटकात कोरस आहे का?

काळा_कोट (संभाजीनगर)

फौजदारी वकिली करतो, नाटकाचा नाद आहे.

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. आरोपीबद्दल कणव वाटणं ह्यात चूक काहीच नाही, कायदासुद्धा ती जागा ठेवतो. अचानक आणि गंभीर चिथावणी असेल तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येतो. बच्चन सिंगच्या १९८० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फाशी द्यायची का हे ठरवताना गुन्हा बघा तसा गुन्हेगारही बघा. माणूस कुठून आला, का असा झाला, हे विचारणं हे सुधारलेपणाचं लक्षण आहे. तुमच्या धाकट्याच्या तीन गाण्यांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

भीती वेगळ्या गोष्टीची आहे. 'शिकागो' म्हणून नाटक आहे, १९७५ चं, १९९६ ला परत आलं ते अजून चालूच आहे. ते ज्या मूळ नाटकावर आहे ते मॉरीन वॉटकिन्स नावाच्या बातमीदार बाईनं १९२६ ला लिहिलं, तिनं १९२४ ला दोन बायकांचे खुनाचे खटले पेपरसाठी कव्हर केले होते. त्यात वकील आरोपी बाईला मांडीवर बसवून बाहुली बोलवावी तसं पत्रकारांपुढं बोलवतो. आणि त्याच जेलमध्ये एक हंगेरियन बाई आहे, तिला इंग्रजी येत नाही, मी गुन्हा केला नाही एवढंच येतं. तिनं काहीच केलेलं नसतं, आणि तिलाच फाशी होते. तिची गोष्ट सांगायला तिच्याकडं भाषा नाही. माझ्याकडं दर महिन्याला अशी एक तरी बाई येते, हिंदी-मराठी धड न येणारी, तांड्यावरची, कोर्टात उभी राहून नुसती बघत राहते.

आपल्याकडं नानावटी खटला झाला, १९५९. नौदलाचा देखणा अधिकारी, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, पेपरनं त्याला हिरो केला, ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. हायकोर्टानं फिरवून जन्मठेप दिली, पुढं १९६४ ला माफी मिळाली, त्यासाठी मेलेल्याच्या बहिणीची संमती घ्यावी लागली होती. सगळ्यांना नानावटी माहीत आहे. त्या बहिणीचं नाव इथं किती जणांना येतं?

कोरडवाहू (धारूर)

मला सगळ्यांचं पटत नाही, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

वडलांनी सावकाराकडं जमीन गहाण ठेवलेली, मी ती सोडवायला दहा वर्षं पुण्यात कंपनीत राबलो. दारात येऊन आईला काय काय बोलायचा तो माणूस ते मी इथं लिहू शकत नाही. अशा माणसाला आयुष्यभर पैसा होता, वकील होता, ओळखी होत्या, सगळं बोलणं त्याचंच चालायचं. आता कुठंतरी एका नाटकात आमच्यासारख्याच्या तोंडी गाणं आलंय तर तुम्ही सगळे मिळून विचारायलात की सावकाराला गाणं का नाही. इतकी वर्षं आमच्या मेलेल्यांना कुणी गाणं दिलं? दर उन्हाळ्यात पेपरात एक चौकट यायची, नाव, गाव, वय, किती कर्ज, संपलं. ते पण खडेच होते रांजणातले, संबळदादा.

ताई, तुमच्या मावशीचं दुःख खरं आहे, मी नाकारत नाही, माझा नमस्कार सांगा त्यांना. पण बांधासाठी मेलेला शेतकरी आणि दामदुपटीनं व्याज खाणारा सावकार एका तराजूत टाकू नका. नाटक मऊ होईल.

मांजराकाठची (लातूर)

कोरडवाहू दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली, तालमीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून पण दाखवली. धाकट्याचं काम करणारा पोरगा उठून बाहेर गेला, त्याच्या घरी पण असंच झालंय, ते मला माहीत नव्हतं.

तुमचं बरोबर आहे. सावकाराला गाणं द्यायचं नाही हे आम्ही काल नक्की केलं. त्याच्या तोंडी माफी नको, त्याची बाजू पण नको. पण मावशीनं सावकार कसा होता हे विचारलंच नव्हतं, घरी कोण होतं एवढंच विचारलं होतं. आम्ही बसून विचार केला तेव्हा कळलं की आमच्यातल्या कुणालाच त्याचं उत्तर येत नव्हतं, लेखकाला पण नाही. त्याला पोरगी आहे असं ठरवलंय. नववीत. तिला बापाचा धंदा माहीत आहे, शाळेत पोरी तिच्याशी बोलत नाहीत. तिला गाणं नाही, दोन ओळींची ओवी. ती पण खुनाच्या आधी.

मास्तर, चाल कशी ठेवू? मी पिलू राग धरलाय पण लई रडका वाटायलाय.

पेटीमास्तर (सेलू, परभणी)

पिलू सोड. तिला वेगळी चाल देऊच नकोस. त्या विद्यार्थ्यानं भिकारणीचं सांगितलं ना, ते फार मोलाचं आहे. धाकट्याच्या भैरवीचा मुखडा आहे ना, तोच तिच्या तोंडी घाल, पण भैरवी अजून झालेली नाही, लोकांनी ती ऐकलेली नाही. तिला साध्या जात्यावरच्या ओवीसारखं म्हणू दे, पेटी नको, तंबोरा पण नको, उभ्या उभ्या काम करता करता. अर्धी ओळ सोडून दे. मग तासाभरानं धाकटा जेलमध्ये भैरवी सुरू करेल तेव्हा ऐकणाऱ्याला वाटेल हे कुठंतरी ऐकलंय. कुठं ऐकलं ते ज्याला आठवेल त्याला आठवेल. धाकट्याचं रडू कमी होणार नाही त्यानं, कोरडवाहूंनी काळजी करू नये.

फक्त पोरीचा आवाज कच्चा निवड. तयार गळा नको.

नाट्यशास्त्र_दुसरं_वर्ष (संभाजीनगर)

मास्तर, नमस्कार करतो तुम्हाला.

एक सावध करणारी गोष्ट तेवढी सांगतो. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'ची, म्हणजे पुलंनी १९७८ ला ज्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला त्या मूळ नाटकाची, सुरुवातच जत्रेतल्या खुनाच्या गाण्यानं होते. त्यात मॅकी नावाच्या गुंडानं मारलेल्यांची नावं आहेत, कोण कुठं कसा सापडला ते आहे. १९२८ ला बर्लिनला लोकांना बोचावं म्हणून लिहिलं. पुढं तीच चाल अमेरिकेत इतकी लाडकी झाली की १९५९ ला पहिल्या नंबरचं रेकॉर्ड झालं आणि लोक त्यावर नाचले. मेलेल्यांची नावं त्यात बहुतेक बदलली नाहीतर गळाली, पण गाणं खुनाचंच होतं बरं का. तेव्हा ओवी जास्त गोड करू नका.

कोरडवाहू (धारूर)

पोरीचं पटलं. पोरीचा काय दोष. आमच्या सावकाराला पण पोरगी होती, माझ्याच वर्गात. आम्ही कुणीच तिच्याशी बोलायचो नाही. आज पहिल्यांदा हे कुणाला तरी सांगायलोय.

प्रयोग कुठं आहे कळवा, येतो.

मांजराकाठची (लातूर)

दादा, नक्की या, तारीख पक्की झाली की इथंच टाकते.

काल रात्री मावशीला फोनवर ओवी ऐकवली. आमच्या लेखकानं लिहिली होती ती अशी,

दिवा लाविला दारात, बाप येईना येईना
वाट पाहून थकली, पापणी लवंना लवंना

मावशीनं परत म्हणायला लावली. मग म्हणाली, "दुसरी ओळ खोटी आहे. वाट कोण बघत बसतंय, मला तर झोप लागली होती. यांचं ताट झाकून ठेवलं होतं चुलीपाशी. सकाळी माणसं आली, सगळं झालं, आणि ते ताट तसंच. तीन दिवस कुणी हात लावला नाही त्याला."

आज तालमीत बदललं. आता ती पोरगी ताटावर ताट झाकत झाकत म्हणते,

दिवा लाविला दारात, बाप येईना येईना
ताट झाकून ठेविलं, त्याला कुणी उचलेना

आणि ते झाकलेलं ताट खुनानंतर पण स्टेजवरच राहतं, भैरवी संपेपर्यंत. मावशी म्हणाली स्टीलचं नको, पितळेचं घ्या, तेव्हा पितळेचंच होतं. तिनं स्वतःचं द्यायचं कबूल केलंय, रविवारी औशाला जाऊन घेऊन येते.